बोराची साल, जांभळाचा रंग आणि टाकीत वाढलेलं कॅन्सरचं औषध

पायथ्याचा_माणूस (धागाकर्ता)

आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. जांभूळ, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी खा, कॅन्सरच्या पेशी आपोआप मरतात, अमेरिकेत सिद्ध झालंय, पुढं पाठवा. त्यातच चोपडा-यावलकडं 'प्लांट स्टेम सेल' म्हणजे झाडाच्या मूळपेशींच्या कॅप्सूल विकणाऱ्यांच्या बैठका सुरू झाल्यात. मी केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करतो, म्हणून मामापासून शेजारच्या आजोबांपर्यंत सगळे मलाच विचारतात, "तुमच्या बाटलीत कॅन्सरचं औषध बनतं का रे?" एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो.

मेसेज पूर्ण हवेतला असता तर सोपं होतं. त्यात खऱ्याचा अंश आहे, आणि तो आपल्या दारातल्या झाडापर्यंत येतो.

बोरापासून सुरू करू. मेहरुणची बोरं ज्या झाडाला लागतात त्याचं शास्त्रीय नाव झिझिफस मॉरिशियाना. १९९५ साली शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या गटानं याच जातीच्या खोडाच्या सालीतून बेट्युलिनिक ॲसिड वेगळं काढलं. मेलॅनोमा म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर. माणसाच्या मेलॅनोमाच्या गाठी उंदरांमध्ये वाढवल्या होत्या, त्यांची वाढ या द्रव्यानं रोखली. उंदरांना त्रासही झाला नाही. 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आलं. त्याच विद्यापीठातून दोन वर्षांनी द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉलवरचा गाजलेला निबंध 'सायन्स'मध्ये आला. आज तीस वर्षं उलटली तरी बेट्युलिनिक ॲसिड हे कॅन्सरचं मान्यताप्राप्त औषध झालेलं नाही. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे रक्तात पुरेसं पोचवायचं कसं, इथंच गाडी अडते. आणि हे सगळं सालीचं. बोराच्या गराचा त्यात संबंध नाही.

आता फळं. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर जो रंग चढतो तो अँथोसायनिन गटातल्या द्रव्यांचा : डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्व्हिडिन. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी आणि डाळिंबात एलॅजिटॅनिन नावाची द्रव्यं असतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरपेशींवर ही द्रव्यं टाकली की पेशींची वाढ मंदावते, काही मरतात. प्रयोग खरे आहेत. पण बशीत जेवढी मात्रा टाकतात तेवढी वाटीभर जांभळं खाऊन रक्तात येत नाही, तिच्या शेकडो पटींनी कमी येते. अँथोसायनिनचा फार थोडा भाग मूळ रूपात रक्तात शिरतो, उरलेला आतड्यातले जंतू मोडून टाकतात. रेस्व्हेराट्रॉल शोषलं चांगलं जातं, पण यकृत लगेच त्याला सल्फेट नि ग्लुकुरोनाइडची शेपटी जोडून बाहेरची वाट दाखवतं. एलॅजिटॅनिनचं तर आणखी निराळं : आतड्यातले जंतू त्यापासून युरोलिथिन बनवतात, आणि कुणाच्या पोटात कोणतं बनेल हे त्याच्या-त्याच्या जंतूंवर. काहींच्या पोटात बनतच नाही. एकच डाळिंब दोघा भावांनी वाटून खाल्लं तरी दोघांच्या रक्तात एकच गोष्ट पोचेल याची खात्री नाही.

माणसांपर्यंत चिकाटीनं नेलेलं काम म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठातलं काळ्या रास्पबेरीचं. गॅरी स्टोनर यांच्या गटानं उंदरांना अन्ननलिकेत गाठी करणारं रसायन दिलं आणि खाण्यात ५ ते १० टक्के रास्पबेरीची गोठवून वाळवलेली भुकटी मिसळली. गाठी निम्म्याच्या आसपास कमी झाल्या. पुढं आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांना दिवसाला ६० ग्रॅम भुकटी दिली. ताज्या फळात मोजलं तर अर्ध्या किलोच्या वर, तेही रोज. गाठीतल्या काही जनुकांवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या दिसल्या. संशोधकाला यात पुढचा रस्ता दिसतो. रुग्ण त्यामुळे जास्त जगला का, हा प्रश्न त्या अभ्यासानं विचारलेलाच नव्हता.

मग झाडातून औषध येतं कसं? इथं आपल्या कामाचा भाग.

रावेर-यावलमध्ये कुणालाही विचारा, जी-नाईन या केळीच्या वाणाची रोपं कशी बनतात ते सांगेल. निरोगी मुनव्याचा कोंब घ्यायचा, आत-आत सोलत गाभ्यापर्यंत जायचं, निर्जंतुक करायचं, आगरच्या खाद्यावर बाटलीत ठेवायचं. सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक जास्त दिलं की कोंबाला कोंब फुटतात. ते वेगळे करायचे, पुन्हा लावायचे. आठ-एक फेऱ्यांपलीकडं नेत नाहीत, नाहीतर बागेत वेडीवाकडी झाडं निघतात. शेवटी मुळं फोडायची, शेडनेटमध्ये हार्डनिंग, मग शेतकऱ्याच्या वाफ्यात.

औषधासाठी करतात ते याच्या उलट. आम्हाला पेशींचं रोप व्हायला हवं असतं, त्यांना पेशींनी रोप होऊच नये असं हवं असतं. पानाचा किंवा खोडाचा तुकडा घेऊन त्याचा कॅलस करतात, म्हणजे ना पान ना मूळ असा भुसभुशीत गोळा. तो पातळ खाद्यात हलवत ठेवला की पेशी सुट्या होतात. फ्लास्कमधून छोट्या टाकीत, छोट्या टाकीतून मोठ्या टाकीत. जपानमध्ये १९८३ साली मित्सुई कंपनीनं अशा पेशींमधून शिकोनिन नावाचा लाल रंग काढून विकला. वनस्पतीच्या पेशी टाकीत वाढवून धंदा उभा राहिला तो तेव्हा पहिल्यांदा. त्या रंगाची लिपस्टिक निघाली. कॅन्सरचं औषध नंतर आलं, ते टॅक्सॉल.

टॅक्सॉल, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, अमेरिकेतल्या पॅसिफिक यू झाडाच्या सालीत सापडलं. एक किलो औषधाला सुमारे १०,००० किलो साल लागायची, आणि साल काढली की झाड मरतं. अमेरिकेत १९९२ च्या डिसेंबरात अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली, तेव्हा जंगल वाचवायचं की बाया, असा वाद तिथं पेटला होता. आधी युरोपातल्या यूच्या पानांतून अर्धवट तयार रेणू काढून पुढचं काम कारखान्यात करायची पद्धत आली. नंतर पेशींची. जर्मनीत फायटन कंपनीच्या ७५,००० लिटरपर्यंतच्या टाक्यांमध्ये यूच्या पेशी वाढवतात. पेशी वाढल्या की मिथाइल जास्मोनेट देतात. झाडाला जखम झाली, अळी लागली की झाड स्वतःच हा इशारा सोडतं. तो मिळाला की पेशी वाढ बाजूला ठेवून बचावाची रसायनं बनवायला लागतात, त्यातच टॅक्सॉल. या पद्धतीसाठी ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीला २००४ साली अमेरिकी सरकारचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला.

तर मामा, आजोबा आणि बाकी मंडळी, आमच्या बाटलीत केळीचंच रोप बनतं. 'प्लांट स्टेम सेल'च्या कॅप्सूलमध्ये काय असतं ते विकणाऱ्यालाच विचारा, पण झाडाची पेशी पोटात गेली की ती मेथीच्या भाजीसारखी पचते. माणसाच्या अंगात जाऊन ती कुठल्या अवयवाची दुरुस्ती करत नाही.

---

नंदुरबारी

भाऊ, टॅक्सॉल लिखं आनि माणूसनं नावच नही लिखं! वाणी साहेब आमना नंदुरबारना शेतस!

सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. मनसुख वाणी, जन्म १९२५, नंदुरबार. तेव्हा जिल्हा पश्चिम खानदेश. मुंबई विद्यापीठातून बीएस्सी, एमएस्सी, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएचडी. १९६२ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम सुरू केलं. दोघांनी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन काढलं आणि १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध केली. दोन औषधं, दोन्ही झाडातली. २०२० ला ते गेले. आमच्या गावात किती पोरांना हे माहीत आहे ते विचारूच नका. क्रिकेटवाल्याचं नाव असतं तर चौकात कमान लागली असती.

पायथ्याचा_माणूस

नंदुरबारी, मुद्दाम सोडलं होतं, तुम्ही येणार हे ठाऊक होतं 🙂 सालीचा पहिला नमुना १९६२ मध्येच अमेरिकी शेती खात्याच्या आर्थर बार्कले या वनस्पतितज्ज्ञानं वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून गोळा केला होता. तिथून रचना कळायला नऊ वर्षं, आणि औषध म्हणून मान्यता मिळायला तीस.

भुसावळ_जंक्शन

विषय बेरीचा निघालाच आहे तर : वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं स्ट्रॉबेरी ही बेरी नाही, रास्पबेरीपण नाही. केळी आणि वांगं मात्र बेरी. म्हणजे जळगावची केळी आणि भरिताची वांगी, दोन्ही जीआय मानांकनवाल्या बेऱ्या. ग्रुपवर फॉरवर्ड करा, 'भरीत खा, बेरी खा'. कळण्याची भाकरी वेगळी मागवा.

केळीवाला_रावेर

लेख आवडला. माझा प्रश्न पैशाचा. टाकीत यूच्या पेशी वाढतात तर जांभळाच्या का नाही वाढवत? आपल्याकडं लॅब आहेत, शिकलेली पोरं आहेत. केळीचा भाव पडला की आम्ही मरतो, करपा आला की मरतो, वादळ आलं की आडवे होतो. टाकीला वादळ लागत नाही.

पायथ्याचा_माणूस

दादा, वाढतात. द्राक्ष, ब्लूबेरीच्या जातभाईंच्या पेशी प्रयोगशाळेत कितीतरी वर्षांपासून वाढवतात, गडद जांभळा रंगही देतात. पण हिशेब बघा. जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, झाडाची पेशी दुप्पट व्हायला दोन-चार दिवस घेते. तेवढे दिवस टाकीत एकही बुरशीचा कण जाता कामा नये; गेला तर सगळी बॅच गटारात. बाटलीत कंटॅमिनेशन आलं तर आमची एक बाटली जाते, तिथं हजारो लिटर. पेशी आकारानं मोठ्या नि नाजूक, जोरात ढवळलं की फुटतात. आणि आज भरपूर रंग देणारी पेशी वर्षभरानं देईलच असं नाही, पेशींची ती पिढी हळूहळू सुस्तावते. एवढा खर्च ग्रॅमवर विकल्या जाणाऱ्या रेणूलाच परवडतो. जांभळाचा रंग झाडावर फुकट तयार होतो, त्यासाठी टाकी कोण लावणार?

फळाच्या पेशी वाढवण्याचा एक उपयोग मात्र मला फार आवडतो. अमेरिकेत मेरी ॲन लायला यांच्या गटानं द्राक्ष आणि बेरीच्या पेशींना किरणोत्सारी कार्बनवाली साखर खाऊ घातली. पेशींनी त्या साखरेतून जे रंग बनवले ते सगळे खुणेचे झाले. मग ते उंदरांना देऊन रंग रक्तात किती गेला, कुठल्या अवयवात साठला, किती बाहेर पडला याचा माग काढता येतो. झाडाला अशी साखर देऊन बघा, निम्मी मातीत जाईल. फिनलंडमध्ये व्हीटीटी ही संशोधन संस्था क्लाउडबेरी-लिंगनबेरीच्या पेशी थेट खाण्यासाठी वाढवते, पण तो अन्नाचा विषय, औषधाचा नाही.

मेहरुणची_लेक

नमस्कार. माझ्या काकूंची केमो सुरू आहे, तीन आठवड्यांनी एकदा. तेच पॅक्लिटॅक्सेल लावतात, पिशवीवर वाचलं होतं. ते झाडाचं असतं हे आज कळलं. घरात रोज नवीन माणूस येतो नि नवीन सल्ला देतो. कुणी जांभळाचा रस, कुणी सदाफुलीची पानं चावायला सांगतं, कुणी लक्ष्मणफळ पाठवतं. काकू सगळ्यांचं ऐकतात, कारण नाही म्हटलं तर माणसं रुसतात. काय द्यावं, काय देऊ नये, कुणी नीट सांगाल का?

धुळ्याचा_ओपीडीवाला

ताई, मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, साधी प्रॅक्टिस आहे. शेवटचा शब्द काकूंच्या डॉक्टरांचा. पण या तिन्ही गोष्टी माझ्याकडं रोज येतात.

सदाफुली आजच बंद करा. तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही खरी केमोची औषधं निघतात, म्हणूनच पानं चावायची नाहीत. औषध म्हणून ती मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून देतात. पानात किती आहे हे कुणालाच माहीत नसतं. पॅक्लिटॅक्सेलनं हातापायांना मुंग्या येतात, व्हिन्क्रिस्टीननंही येतात; दोन्ही एकावर एक कशाला?

लक्ष्मणफळाचा 'केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी' हा मेसेज बशीतल्या प्रयोगावरून आलाय. त्या फळात ॲनोनासिन असतं, ते मेंदूच्या पेशींना विषारी आहे. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर या जातीची फळं आणि पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा आजार जास्त दिसला, ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलंय. कधीतरी फोड खाल्ली म्हणून कुणाला काही होत नाही, पण रोजचा काढा नको.

जांभूळ, बोरं, केळी हे अन्न आहे. खाऊ द्या. पांढऱ्या पेशी खाली असतील त्या दिवसांत फळ स्वच्छ धुऊन, शक्य तिथं सोलून. रस्त्यावरचा रस नको. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जांभळाच्या बियांचं चूर्ण स्वतःच्या मनानं नको, साखर खाली जाऊ शकते. पपनस, ग्रेपफ्रूट यांच्यामुळं काही औषधांचं शरीरातलं प्रमाण वाढतं, तेव्हा ते विचारून. आणि जी काही पुडी, कॅप्सूल, अर्क घरात आलाय तो पुढच्या वेळी पिशवीत घालून सरळ डॉक्टरांसमोर ठेवा. लपवू नका, ते रागावले तरी चालेल.

पॅक्लिटॅक्सेल काय करतं तेही सांगतो. पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांची परांची बांधते, काम झालं की उतरवते. सदाफुलीची औषधं परांची बांधूच देत नाहीत. टॅक्सॉल बांधलेली उतरवू देत नाही. दोन्हीकडं काम अडतं नि पेशी मरते. टॅक्सॉलचं हे उलटं वागणं सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. केस गळतात ते यामुळंच, केसांच्या मुळाशीही पेशी सारख्या दुभंगत असतात.

मेहरुणची_लेक

डॉक्टर, खूप आभार. कुंडी उचलून गच्चीवर नेली. काकूंना सांगितलं की डॉक्टरांनी बंद करायला लावलंय, म्हणजे कुणी रुसलं तर डॉक्टरांवर रुसेल.

निंबाच्या_सावलीत

सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून दुसरी बाजू. आमच्या घरी तीन पिढ्या जांभळाच्या बियांचं चूर्ण, आवळा, गुळवेल वापरतात. प्रत्येक गोष्ट अमेरिकेतल्या बशीत सिद्ध झाली तरच खरी का? वाणी साहेबांनीसुद्धा झाडच घेतलं ना? आपल्या लोकांचं ज्ञान आधी होतं, रेणू नंतर आला.

पायथ्याचा_माणूस

सावली, तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण सदाफुलीच. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांच्याकडं जमैकाहून पानं आली ती मधुमेहावरचा घरगुती काढा म्हणून. उंदरांची साखर काही कमी होईना, पण पांढऱ्या पेशी धडाधड खाली आल्या. तिथून व्हिनब्लास्टीन निघालं, पुढं रक्ताच्या कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टीन. त्याला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. लोकांनी दाखवलेलं झाड बरोबर होतं, आजार दुसराच निघाला. मोजलं नसतं तर तो काढा अजून मधुमेहावर पीत राहिले असते आणि रक्तातल्या पेशी कमी होत राहिल्या असत्या.

जाता जाता टिश्यू कल्चरवाल्याचं एक दुखणं. सदाफुलीच्या पेशी टाकीत झकास वाढतात, पण व्हिनब्लास्टीन देत नाहीत. त्याचा एक अर्धा भाग, व्हिंडोलिन, बनायला पानातल्या वेगवेगळ्या खास पेशी लागतात. सगळ्या सारख्या भुसभुशीत गोळ्याला ते जमत नाही. म्हणून अजूनही शेतात पिकवलेल्या पानांवरच भिस्त आहे. अलीकडं २०२२ मध्ये यीस्टमध्ये डझनावारी जनुकं घालून दोन्ही अर्धे भाग बनवून दाखवलेत.

चाळीसगावचा_चिकित्सक

'नैसर्गिक आहे, फायदा नाही झाला तर तोटा काय?' हे वाक्य जिथं ऐकाल तिथं फिनलंड आठवा. गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटिन, २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष, गोळी देऊन वर्षानुवर्षं पाहिलं. १९९४ मध्ये निकाल आला : गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. गाजर खाणाऱ्यांना काही झालं नव्हतं. तेच द्रव्य एकटं गोळीत भरलं तर शरीर वेगळं वागतं.

दुसरं, जर्दाळूच्या बियांतलं 'व्हिटॅमिन बी१७'. ते व्हिटॅमिन नाहीच, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. १९८२ मध्ये १७८ रुग्णांवर रीतसर तपासलं, कुणाचा कॅन्सर बरा झाला नाही, काहींच्या रक्तात सायनाइड मात्र धोक्याच्या जवळ गेलं. तरी आजही ऑनलाइन मिळतं.

नंदुरबारी

मन्हा एक सवाल. आमच्याकडं कॅन्सर म्हणजे तोंडाचाच. गुटखाबंदी २०१२ ची, पुड्या टपरीवर रोज मिळतात. पोरांची तोंडं दोन बोटंसुद्धा उघडत नाहीत. सातपुड्यात डाबकडं स्ट्रॉबेरी होते, जांभळं तर ढिगानं. या फळांचं तोंडाच्या कॅन्सरवर काही काम झालंय का?

धुळ्याचा_ओपीडीवाला

झालंय, ओहायोमध्येच. तोंडातल्या कॅन्सरपूर्व चट्ट्यांवर काळ्या रास्पबेरीची १० टक्के भुकटी असलेलं जेल रोज लावलं. त्याचा दुहेरी-अंध (कुणाला कोणतं जेल ते रुग्णालाही नि डॉक्टरलाही माहीत नसलेला) अभ्यास २०१४ मध्ये आला, नुसतं जेल लावणाऱ्यांपेक्षा भुकटीच्या जेलवाल्यांचे चट्टे जास्त आकसले. ही चाल हुशारीची आहे : पोट, आतडं, यकृत सगळं टाळून द्रव्य थेट जागेवर. पण अभ्यास छोटा होता. चट्टा आकसला म्हणजे पुढं कॅन्सर होणार नाही असंही त्यातून म्हणता येत नाही. तोंड आखडणं हा फायब्रोसिस, तो सुपारीचा प्रताप, त्यावर हे जेल तपासलेलं नव्हतं. आणि सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये तसं छापलंय. 'मी साधी खातो' म्हणणाऱ्यांनी ते वाचावं. पांढरा किंवा लाल चट्टा, भरून न येणारी जखम पंधरा दिवसांवर राहिली तर तोंड दाखवायला या. जांभूळ नंतर.

भुसावळ_जंक्शन

स्टेशनबाहेरच्या टपरीवर हा प्रतिसाद छापून चिकटवणार आहे. टपरीवाला मित्र आहे, काढेल, मी परत चिकटवेन.

केळीवाला_रावेर

वाणी साहेबांचं ते दुसरं औषध, कॅम्प्टोथेसिन, त्याचं झाड आपल्याकडं होतं असं एका वनरक्षकाकडून ऐकलं. खरं का?

पायथ्याचा_माणूस

मूळ झाड चीनचं. पण तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात आहे, तेही भरपूर. त्यातून पुढं टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कॅन्सरची औषधं निघाली, दोन्हींना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता. हे कळल्यावर नरक्याची काय दशा झाली ते कोकण-महाबळेश्वरकडच्यांना विचारा. बुंध्यासकट तोडून ट्रकनं गेला. यूची गोष्टच पुन्हा घडली, फक्त इथं टाकी वेळेवर आली नाही. नरक्याच्या पेशी वाढवण्याचे प्रयोग पुष्कळ झालेत, पण झाडात जेवढं कॅम्प्टोथेसिन मिळतं त्याच्या तुलनेत पेशींत फार कमी उतरतं. कुणी तरुण मंडळी आपल्या विद्यापीठात बायोटेक करत असतील तर हा विषय घ्या. बशीत आणखी एका फळाचा अर्क ओतून 'कॅन्सरविरोधी गुणधर्म आढळले' असा प्रबंध लिहिण्यापेक्षा कठीण आहे, म्हणूनच.

सातपुडा_फूड्स

नमस्कार, नवीन सदस्य आहे. यावलजवळ आमचा बचत गटाचा जांभूळ प्रक्रिया उद्योग आहे. गर, सरबत, भुकटी. हा धागा वाचून थोडं टेन्शन आलं, कारण आमच्या भुकटीच्या पाकिटावर 'कॅन्सर प्रतिबंधक' असं छापलंय. छापणाऱ्यानंच सुचवलं, म्हणे खप वाढतो. चार महिने पुरेल एवढी पाकिटं पडून आहेत. काय करावं? आणि भुकटीचा रंग तपकिरी होतो, त्यावरही कुणी सांगा.

पायथ्याचा_माणूस

ताई, रंगाचं आधी. अँथोसायनिनला उष्णता, उजेड आणि हवा तिन्ही सोसत नाहीत. उन्हात वाळवलं तर तपकिरी होणारच. गर कमी तापमानावर, सावलीतल्या ड्रायरमध्ये पातळ थर देऊन वाळवा. आंबटपणा टिकला तर रंग लाल-जांभळा राहतो, म्हणून गरात थोडा लिंबाचा रस चालेल. क्षारी (सोड्यासारख्या) पाण्यानं धुऊ नका, निळसर-मळकट होतो. पाकीट काळं किंवा चांदीचं, आतली हवा काढून. गोठवून वाळवायचं यंत्र सगळ्यात चांगलं, पण बचत गटाला एकट्यानं परवडणार नाही. दोन-तीन गटांनी मिळून किंवा भाड्यानं करून घेता येतं का बघा. नंदुरबारकडच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनाही तेच यंत्र लागेल.

चाळीसगावचा_चिकित्सक

पाकिटाचं मी सांगतो. १९५४ चा औषधे आणि जादुई उपचार कायदा आहे. त्याच्या यादीतल्या आजारांवर इलाज किंवा प्रतिबंध होतो अशी जाहिरात करता येत नाही, आणि पाकिटावरचा मजकूरही जाहिरातच धरतात. कॅन्सर त्या यादीत आहे. अन्नसुरक्षेचे नियम वेगळे, तिथंही अन्न आजार बरा करतं असं लिहिता येत नाही. पडून असलेल्या पाकिटांवर ती ओळ झाकणारं स्टिकर लावा, पुढची छपाई नवीन करा. 'सातपुड्याची जांभळं, साखर नाही, रंग नाही' एवढं लिहिलंत तरी मी घेईन.

सातपुडा_फूड्स

धन्यवाद दादा. छापणाऱ्याला आताच फोन केला. 'कॅन्सर प्रतिबंधक' काढतो म्हणाला. त्या जागी 'मधुमेहींसाठी रामबाण' टाकू का विचारतोय.

चाळीसगावचा_चिकित्सक

ताई, मधुमेहपण त्याच यादीत आहे. छापणारा बदला.